पुरावा क्रमांक चौदा

सुनावणी सहाला. मी पाचलाच येते,
हीटर लावते, खुर्च्या मांडते, चाळीस,
एरवी त्यांतल्या नऊ भरतात.
आज माणसं भिंतीला टेकून उभी,
ओल्या रबरी बुटांचा वास,
कॉफी केव्हाच संपलेली.

अर्ज असा: धक्क्याजवळची खाडी सहा फूट खोल करणे,
निघालेला गाळ, चाळीस हजार घनयार्ड,
दक्षिणेच्या चिखलपट्टीवर टाकणे.
पुढेमागे त्यावर बावन्न घरं,
प्रत्येकाच्या खिडकीत समुद्र.
मी टाइप करते. कोण काय बोललं ते लिहायचं,
कसं बोललं ते नाही.

सल्लागार पोर्टलंडहून आलाय, तरुण,
त्याचे बूट कोरडे.
पडद्यावर निळा नकाशा, नकाशावर पिवळा चौकोन.
परिणाम नगण्य, तो म्हणतो.
जरा थांबून पुन्हा म्हणतो, नगण्य.
मी दोनदा लिहिते.

बोलणाऱ्याला तीन मिनिटं. घंटा माझ्या टेबलावर.
डेल्फीन जॉर्ज उठते, वीस सेकंदच घेते:
नमुने भरतीला घेतले की ओहोटीला?
तो पानं उलटतो. परिशिष्ट ग. परिशिष्ट घ.
उरलेली दोन मिनिटं चाळीस सेकंद
ती उभीच राहते.
वेळ तिचाच आहे.
घंटा वाजते. मी लिहिते:
'उत्तर लेखी देण्यात येईल.'

मग आयनो कोस्केला. कालवांची शेती, तिसरी पिढी,
हातांवर शिंपांनी कापल्याच्या पांढऱ्या रेघा.
बोलायला उठला की त्याला खोकला येतो.
खोकून झाल्यावर तो कोटातून बरणी काढतो,
लोणच्याची, झाकणावर अजून काकडीचं चित्र,
आत गळ्यापर्यंत काळा चिखल,
आणि ठेवतो थेट अध्यक्षांच्या कागदांवर.
हे काय?
तुम्ही जिच्यावर टाकणार आहात, ती.
अध्यक्ष क्रॅबट्री रुमालाने कागद पुसतात. नोंदवून घ्या.
मी चिकटपट्टीवर लिहिते: पुरावा क्रमांक चौदा.

मतदान दोन विरुद्ध एक. मंजूर, अठरा अटींसह.
अट बारा: गढूळपणा वेळोवेळी मोजावा.
कोणी, ते लिहिलेलं नाही.
मीही विचारलं नाही.

रात्री इतिवृत्त साफ करायला बसते.
खोकला काढते. 'अं' काढते.
मागून आलेली शिवी काढते.
दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं काय करावं कळत नाही,
तीही काढते.
शाळेत प्रश्न असायचा: गाळलेल्या जागा भरा.
इथे आधी गाळतात, मग भरतात,
आणि भरायलाही गाळच.

नियम आहे, पुरावा सात वर्षं जपायचा, जसाच्या तसा.
बरणी कपाटात, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे.
तिसऱ्या आठवड्यात चिखल खाली बसला,
वर दोन बोटं पाणी, नितळ, त्यातून
पलीकडच्या फायलीचं नाव वाचता येतं.
आणि काचेला लागून, आतून,
दोऱ्याएवढा एक बोगदा.
काल नव्हता.
आज बोटभर लांब आहे.

जेवणाच्या सुट्टीत धक्क्यावर जाते.
गाळ उपसायचं जहाज येऊन उभं आहे, गंजकं, अजून मुकं.
थर्मासमध्ये समुद्र भरून आणते,
दार लावते, झाकण फिरवते,
थोडं थोडं आत ओतते.
पुराव्यात ढवळाढवळ हा गुन्हा. कलम मला पाठ आहे.
भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता:
आज बारा चाळीसला भरती.
घड्याळ पाहते. साधारण जमलं.

शुक्रवारी आयनोचा फोन:
बरणी परत मिळेल का?
ऑगस्टात बायको काकड्या घालते.
सात वर्षांनी, मी सांगते.
पलीकडे बराच वेळ खोकला.
बरं, तो म्हणतो,
मग पाणी तेवढं बदलत जा.